गाडी हवा कुठून घेते

४ जानेवारी, सोमवार

आजपासून मी रीतसर गॅरेजमध्ये. रीतसर म्हणायचं कारण, लहानपणापासून मी इथे डबा द्यायला, निरोप सांगायला, कंटाळा आला म्हणून अशी येतच होते. आज मात्र बाबांनी एक फळी रिकामी करून दिली. तिच्यावर माझी वही, जुना स्कॅनर आणि हवेचा दाब मोजायचं मीटर. फळीवरचं तेल दोनदा पुसलं तरी वहीच्या पुठ्ठ्याला लागलंच.

भिंतीवर मी मोठ्या अक्षरात एक कागद लावला : ‘आधी मोजा, मग खोला.’ फिटरकाकांनी तो मान वाकडी करून वाचला आणि म्हणाले, आता लग्न ठरवतानाही हेच लावा. फिटरकाका बाबांच्या जोडीला वीस वर्षं आहेत. माझी पदवी भौतिकशास्त्रातली आहे हे कळल्यापासून त्यांनी मला प्रोफेसर म्हणायला सुरुवात केली आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आईने प्रमाणपत्राला चौकट करून ते फ्रीजच्या वर लावलं आहे, म्हणजे दूध काढायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. (येणारे आम्ही तिघंच.) बाबा मात्र मी गॅरेजमध्ये येते म्हटल्यापासून गप्प आहेत. मी नीट समजावून सांगितलं होतं की मोजमाप करून काम केलं तर छोट्या गॅरेजलाही मोठ्यांच्या तोडीचं नाव मिळू शकतं. ते नुसते “बघ” म्हणाले. त्यांच्या मनात मला खुर्चीवर बसलेली बघायचं होतं, हे मला माहीत आहे.

खरं तर नाव त्यांचं आहेच. इंजिनात नको तो आवाज असेल तर इतर मेकॅनिकसुद्धा सांगतात, “कानवाल्याला दाखव.” रबरी नळीचं एक टोक ते कानाला लावतात, दुसरं इंजिनावरून फिरवतात आणि डोळे मिटून घेतात. लहानपणी मला वाटायचं, बाबा गाडीशी फोनवर बोलतात.

७ जानेवारी, गुरुवार

मोठी गोष्ट घडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या. त्यांच्या नऊ गाड्या आहेत. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आणि बोलताना समोरचा माणूस आत्ताच कशाला तरी धडकणार आहे अशा नजरेने त्याच्याकडे बघणाऱ्या. त्यांच्या तीन नंबरच्या गाडीतून विचित्र आवाज येतो. सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते, आणि कुणीतरी दातांतून श्वास ओढून घेतल्यासारखं ऐकू येतं. दोन ठिकाणी दाखवून झालं. दोन्हीकडे गाडी शहाण्यासारखी वागली आणि आवाज काही आला नाही.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. हा आवाज पकडा, नऊच्या नऊ गाड्या कायमच्या तुमच्याकडे. नाहीतर त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जातील. “नाव ऐकून आलेय,” असंही म्हणाल्या.

बाबा स्वतः गाडी चालवत त्यांना शेजारी घेऊन चक्कर मारून आले. बाई उतरताच म्हणाल्या, आला ना आवाज? बाबा म्हणाले, हो, बेल्टच्या टेन्शनरचं बेअरिंग. फिटरकाकांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि बेअरिंग बदललं.

मला मोजायला कुणी सांगितलं नाही. मी वहीत नोंद तेवढी केली.

९ जानेवारी, शनिवार

तीन नंबर परत आली. आवाज तसाच.

बाबांकडून गाडी परत आली असं माझ्या आठवणीत कधी झालेलं नाही. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. बाबा म्हणाले, टॅपेट बघून घेऊ, झडपांची फट वाढली असेल. मी स्कॅनर लावला. आमच्या गॅरेजमध्ये उभी असताना गाडीचे सगळे आकडे परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखे. फिटरकाका एकटे फिरवून आले, तेव्हाही काही नाही.

माझ्या मते गाडी कुठूनतरी एअर घेते आहे. इंजिन हवा आत ओढतं ती मोजून ओढतं. एखादा पाइप चिरला की न मोजलेली हवा घुसते, मिश्रण बिघडतं, इंजिन थरथरतं आणि त्या भेगेतून सुस्स असा आवाज येतो. पुस्तकात तरी असंच आहे. पण मग ती भेग आमच्यासमोर का मिटते?

१२ जानेवारी, मंगळवार

बाबा माझी परीक्षा घेतात. आज एका टॅक्सीचं बोनेट उघडं होतं. मला जवळ बोलावून म्हणाले, काय ऐकू येतंय ते सांग. मी म्हटलं, घरघर. कसली, भरड की बारीक? मी म्हटलं, भरड, आणि तिच्यावर एक बारीक शीळ. शीळ रेस वाढवली की वाढते की तेवढीच राहते? वाढते. मग त्यांनी सरळ पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. आणि होताही पंपच!

शिकवायची ही किती चांगली पद्धत! उत्तर स्वतःला माहीत असून ते माझ्याकडून काढून घेतात. कॉलेजात एकाही सरांना हे जमलं नाही.

फिटरकाकांचं मात्र मला आवडत नाही. गिऱ्हाईक आवाजाबद्दल बोलायला लागलं की बाबांच्या आधी हेच मोठ्याने म्हणतात, “म्हणजे वरून शिट्टी येतेय म्हणा की!” बाबांना बोलूच देत नाहीत. इतक्या वर्षांची मैत्री म्हणून बाबा खपवून घेतात.

घरी याच्या अगदी उलट. आईला काही सांगायचं असलं की ती आधी बाबांच्या दंडाला हात लावते आणि मग बोलते. या वयात दोघांचे लाड बघून मला हसू येतं. टीव्ही मात्र इतका मोठा लावतात की माझ्या खोलीत बातम्या मला तोंडपाठ होतात.

१३ जानेवारी, बुधवार

आज वाईट वाटलं. टॅपेट सेट करून तीन नंबर पाठवून दिली. बाबा दुसऱ्या गाडीवर वाकले होते. मी मागे उभी राहून मनातलं सगळं बोलून टाकलं. म्हटलं, बाबा, त्या गाडीच्या बाबतीत तुम्ही अंदाज करताय, तुम्ही असं कधी करत नाही, माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर काढा, गाडीवर नको. त्यांनी उत्तर दिलं नाही. नट आवळत राहिले. मी पुन्हा म्हटलं, निदान माझ्याकडे बघा तरी. बघितलंसुद्धा नाही.

मी फळीपाशी जाऊन उगाच मीटर पुसत बसले. फिटरकाका जवळ आले आणि म्हणाले, “प्रोफेसर, बोलायचं असलं तर समोर उभं राहून बोलावं. पाठीमागून नाही.”

मोठ्यांशी वागायची रीत मला शिकवतात! पण त्यांचं बरोबरही असेल. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणूनच मी मागे उभी राहिले.

१६ जानेवारी, शनिवार

तीन नंबर परत. बाई गाडीतून न उतरता म्हणाल्या, पुढच्या शनिवारपर्यंत, म्हणजे तेवीसपर्यंत वाट बघते. बाबा म्हणाले, शनिवारी या.

जेवताना आई म्हणाली, नऊ गाड्या गेल्या तर गेल्या, आपलं काही अडत नाही. बाबा म्हणाले, गाड्यांचं नाही गं.

मला कळतं ते. तीस वर्षं लोक ज्या कानासाठी लांबून येतात, तो कान एका शिकाऊ गाडीने खोटा पाडला, असं बाहेर बोललं जाईल. काही करून शनिवारच्या आत तो आवाज सापडायला हवा. गाडी आमच्याकडेच ठेवा म्हटलं तर बाईंचे वर्ग अडतात. त्यामुळे ती फक्त दुपारी मिळेल.

१८ जानेवारी, सोमवार

मेकॅनिकच्या मुलीला गाडी चालवता येत नाही, ही आमच्या घरातली जुनी लाज आज कामाला आली. मी बाईंना म्हटलं, मला शिकाऊ म्हणून बसवा. म्हणजे गाडी जशी रोज चालते तशीच चालेल.

बाईंच्या पायाशीही एक ब्रेक आहे. शिकाऊ माणूस घाबरला की त्या तिथून गाडी थांबवतात. मी पहिल्याच वळणावर त्यांना ती संधी दिली. दुसऱ्या वळणावरही. पुढे सिग्नलला थांबलो आणि ऐकू आलं! सुस्स. अगदी स्पष्ट, पायांच्या बाजूने, अखंड. गाडी थरथरू लागली. मी आनंदाने क्लच सोडला आणि गाडी बंद पाडली. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी बाईंना विचारत होते, हाच ना, हाच ना?

बाई म्हणाल्या, हाच. तुझे बाबा चालवत होते तेव्हाही हाच होता. बाईंनी त्यांना म्हटलं होतं, ऐका, आला. ते हो म्हणाले. “पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले गं.”

इतका उघड आवाज! कुणीही सांगेल की ही हवा आहे, बेअरिंग नाही. मग बाबा बेअरिंग का म्हणाले? एक वाईट शंका येते. मी लिहूनच टाकते, वही माझीच आहे. बाबांना हे काम मिळायलाच नको आहे का? काम वाढलं तर मी गॅरेजमध्येच राहीन, म्हणून? छे. बाबा गाडीशी खोटं बोलणार नाहीत. माझ्याशी एकवेळ बोलतील.

परत आल्यावर समोर उभं राहून त्यांना सांगितलं : बाई शेजारी असल्या की आवाज येतो, नसल्या की येत नाही. फिटरकाका म्हणाले, मग बाईच बदलून टाकू. बाबा हसले नाहीत. विचारलं, कसा आवाज? मी ‘सुस्स’ करून दाखवलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. “हवा,” म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. “हवा होती होय.”

१९ जानेवारी, मंगळवार

मी धुराचं यंत्र बनवते आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये ते विकतचं, तयार असतं. तत्त्व सोपं आहे : इंजिन बंद ठेवून त्याच्या पाइपांत अगदी हलक्या दाबाने धूर भरायचा. जिथे भेग असेल तिथून धूर बाहेर येतो. ऐकायची गरजच नाही, नुसतं बघायचं.

बाबांपुढे हे मांडताना मला भीती वाटत होती. तीस वर्षं कानाने काम केलेल्या माणसाला ‘ऐकायची गरजच नाही’ म्हणायचं म्हणजे सुताराला रंधा फेकून दे म्हणण्यासारखं. मी भांडायची तयारी करून, मुद्दे वहीत लिहून गेले. पहिलाच मुद्दा संपत होता तेवढ्यात बाबा म्हणाले, “धूर दिसतो ना? डोळ्यांनी?” मी म्हटलं, हो. ते उठले, भंगाराच्या ढिगात हात घातला आणि एका जुन्या डिझेल गाडीचा हीटर प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, तेल तापवायला हा घे, तारेपेक्षा बरा.

विज्ञानाने भल्याभल्यांचं मन वळतं. मला उगाच शंका होती.

२१ जानेवारी, गुरुवार

यंत्र तयार. झाकणाचा घट्ट डबा, आत थोडं तेल, त्यात हीटर प्लग, एका नळीतून हलकी हवा आत, दुसरीतून धूर बाहेर. फिटरकाकांनी त्याचं नाव धुराडं ठेवलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा झाकण उडून त्यांच्या टोपीवर बसलं. तीच टोपी आज त्यांनी दिवसभर काढली नाही, पुरावा म्हणून.

दुपारी तीन नंबर आली. इंजिनात धूर भरला. बाबा बॅटरी घेऊन प्रत्येक जोड, प्रत्येक पॅकिंग बघत होते. इतके मन लावून काम करताना त्यांना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. पण धूर कुठूनच येईना. अर्धा तास झाला. माझा चेहरा उतरला. फिटरकाका म्हणाले, गाडीने सिगारेट सोडलेली दिसते.

तेव्हा बाबांनीच सांगितलं की ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या पाइपात एकतर्फी झडप असते. इंजिन तिकडून हवा ओढू शकतं, पण इकडून तिकडे काही जाऊ देत नाही. म्हणजे धूर बूस्टरपर्यंत पोहोचलाच नव्हता. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. किंवा असेल, मी वाचलं नव्हतं. झडप काढून बूस्टरला वेगळा धूर द्यायला हवा. पण गाडी न्यायची वेळ झाली होती. बाई शनिवारी दुपारी घेऊन येतील.

२३ जानेवारी, शनिवार

हे मला जसं घडलं तसं लिहून ठेवायचं आहे.

बूस्टर म्हणजे इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा मोठा डबा. त्याची झडप काढून आम्ही धुराची नळी थेट त्याला लावली. बाबा ड्रायव्हरच्या दारापाशी गुडघ्यांवर बसून पेडलच्या मागे बॅटरी मारत होते. मी बोनेटपाशी, फिटरकाका धुराड्यापाशी. पाच मिनिटं झाली. काही नाही. मी मनात हरले होते. बाई उभ्या राहून कंटाळल्या आणि गाडीत त्यांच्या नेहमीच्या जागी, डावीकडे, जाऊन बसल्या.

“थांबा,” बाबा म्हणाले. “कुणी हलू नका.”

मी धावत त्यांच्यामागे गेले. ड्रायव्हरची जागा रिकामी, आणि ब्रेकचं पेडल आपोआप बोटभर खाली गेलेलं. त्याच्या मागून, दांडा जिथे आत जातो तिथून, धुराची एक बारीक पांढरी दोरी वर येत होती. बाबांनी बाईंच्या पायाकडे बोट दाखवलं. बाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर होता. दाबलेला नाही, नुसता टेकलेला.

बाईंनी पाय उचलला. धूर थांबला. टेकवला. धूर आला. बाई स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तशा बघत होत्या. बावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तो पाय आपला आपण ब्रेकवर जाऊन बसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गॅरेजमध्ये कुणी ब्रेकवर पाय टेकवून बसत नाही. आम्ही दाबतो आणि सोडतो. बूस्टरच्या आतला रबरी पडदा फाटला होता, आणि ती भेग फक्त पाय टेकलेला असतानाच हवा घेत होती.

“म्हणजे आवाज मीच घेऊन फिरत होते,” बाई म्हणाल्या. मग हसल्या, आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाबांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की पडदा आणखी फाटला असता तर ब्रेक दगडासारखा झाला असता. गाडी इथेच राहील, सोमवारी नवीन बूस्टर बसेल. बाईंनी किल्ली दिली. बाकीच्या आठ गाड्या कधी आणू, तेही विचारलं.

बाबा अजून गुडघ्यांवरच होते. धुराडं बंद केलं तरी ते पेडलकडे बघत होते. म्हणाले, “किती दिवसांनी काहीतरी स्वतः पकडलं.”

मी ‘स्वतः’ हा शब्द घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते. धूर माझा, जागा बाईंची, झडपेची अक्कल बाबांची. सगळ्यांनी मिळून पकडलं म्हणायचं तर ते असं का म्हणाले?

२४ जानेवारी, रविवार

सकाळी आई बाबांच्या दंडाला हात लावून म्हणाली, चहा झालाय. मी ते बघितलं, आणि हातातला कप तसाच राहिला. दंड. बाईंच्या तोंडाकडे बघणं. ‘पाठीमागून नाही.’ फिटरकाकांचं मोठमोठ्याने आधी बोलणं. टीव्ही. भरड की बारीक, शीळ वाढते की तेवढीच राहते.

परीक्षा नव्हती ती.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले. विचारायची वेळ आली नाही. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, खालचे आवाज येतात. ठकठक, घरघर येते. वरचे गेले. चार वर्षं झाली. शिट्टी नाही, सुस्स नाही, पाखरं नाहीत. आईला माहीत होतं, फिटरकाकांना माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी शिक्षण सोडून गॅरेजमध्ये येऊन उभी राहिले असते म्हणून सांगितलं नाही. “आणि तू शिकूनही तिथेच आलीस,” म्हणाले. “तेव्हा मला आनंद झाला. आणि आनंद झाला याची लाज वाटली. म्हणून गप्प होतो.”

मी त्यांच्या गप्प राहण्याचे किती अर्थ काढले होते! याच वहीत पानोपानी आहेत. एकही मोजून काढलेला नव्हता.

कान तपासून यंत्र लावून घ्या म्हटलं तर म्हणाले, कानवाल्याच्या कानात यंत्र दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल. मी म्हटलं, चष्मा लावणाऱ्या शिंप्याकडे लोक कपडे शिवतातच की. आई म्हणाली, हे मी चार वर्षं सांगतेय, पण मला पदवी नाही ना. बाबांना हे बरोबर ऐकू आलं. मंगळवारची वेळ घेतली.

३१ जानेवारी, रविवार

आठवडाभर लिहायला सवड नव्हती. तीन नंबर एकदम गुणी झाली आहे. पाच नंबरचा सायलेन्सर झाला, आठ नंबरचा क्लच चालू आहे. बाई आता पाय सीटखाली घेऊन बसतात म्हणे, आणि शिकाऊ मंडळी घाबरली आहेत. बाबांच्या कानाचं यंत्र यायला दोन आठवडे लागतील. सगळे वरचे आवाज परत येतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, जेवढे येतील तेवढे.

आज सुट्टी. आम्ही दोघंच गॅरेजमध्ये होतो. मी नवी वही घेऊन बसले होते. बाबांना माहीत असलेले सगळे आवाज तिच्यात उतरवायचे, असं मी ठरवलं आहे. पण आवाज लिहायचा कसा? ‘बारीक शीळ’ लिहिलं की दहा वेगळ्या शिळा एकाच शब्दात कोंबल्या जातात. बाबा म्हणाले, लिहू नकोस, ऐक. आणि तोंडाने आवाज काढायला लागले. सुकलेला बेल्ट. पाणी गळणारा पंप. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेल्यावर येतो तो. मग चिरलेला पाइप, चिरलेलाच पण गरम झाल्यावर. प्रत्येकाचा वेगळा, नेमका. त्यांतले काही मी या आठवड्यात खऱ्या गाड्यांतून ऐकले होते, ते तंतोतंत तसेच.

फाटलेल्या बूस्टरचा त्यांनी शेवटी केला. ओठ आवळून, दातांतून, लांब. तो त्यांना त्या गाडीतून ऐकू आला नव्हता, आणि आता स्वतःच्या तोंडातूनही ऐकू येत नव्हता. मोकळ्या गॅरेजमध्ये तो मला एकटीला ऐकू येत होता.

थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर आला का?”

मी म्हटलं, थोडा आणखी बारीक हवा. त्यांनी मान हलवली, श्वास भरून घेतला आणि पुन्हा केला.